माल्यातलं ग्राफिक्स कार्ड

माले गावात क्षितिजा सातपुते चित्रं काढते असं सगळे म्हणतात. ते बरोबर आहे, पण तिच्या हातात ब्रश कधी नव्हता. ज्या इमारती अजून बांधायच्या आहेत त्यांचे फोटो ती आधीच तयार करते. पौड रस्त्याला मोठमोठे फ्लेक्स लागतात ना, चकचकीत बाल्कन्या, हिरवंगार गवत आणि कुत्रं फिरवणारी एक बाई, तसे. आधी कॉम्प्युटरमध्ये सगळी इमारत मोजमापाने उभी करायची, भिंतींना रंग, फरशीला चमक द्यायची, वरून ऊन सोडायचं आणि मग मशीनला सांगायचं, आता काढ फोटो. या शेवटच्या कामाला रेंडर म्हणतात. मशीन एकेका ठिपक्यावर प्रकाश कसा पडेल याचा हिशेब करत बसतं आणि त्यात त्याचा जीव जातो.

ती मूळची पिरंगुटची. डिप्लोमा करून महाळुंग्याच्या एका ऑफिसात लागली, तिथेच हे काम शिकली. लग्न होऊन माल्यात आली तरी नोकरी सोडली नाही. रोज स्कूटरवर पौड, पिरंगुट, मग लवळे-नांद्यावरून महाळुंगे. पुढे खडीचे डंपर, मागे खडीचे डंपर. संध्याकाळी घरी आल्यावर तोंड धुतलं की टॉवेल राखाडी व्हायचा.

मग एका सकाळी तिचे सासरे, रामदास अण्णा, गोठ्यातून येता येता पडवीत खाली बसले ते उठलेच नाहीत. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. सासूबाई गोजराबाईंचे गुडघे आधीच धरलेले. नवरा विश्राम उरवड्याला प्लास्टिकच्या कंपनीत, शिफ्ट दर आठवड्याला बदलणारी. घरात कुणीतरी कायम हवं असं ठरलं, आणि ते कुणीतरी म्हणजे क्षितिजा, हे कुणी बोलूनही दाखवलं नाही.

ऑफिसच्या सरांनी सुरुवातीला समजून घेतलं. ऑफिसातलं मोठं मशीन ती घरून लॅपटॉपवर चालवायची. पण माल्यात जरा वारा सुटला की नेट जायचं. इकडे माउस हलवला की तिकडचं चित्र सावकाश हलायचं, कधी अर्ध्यात थांबायचं. वर्षभराने सर म्हणाले, "क्षितिजा, तुला पगारावर ठेवणं आता अवघड आहे. पण तुझं स्वतःचं मशीन असेल तर एकेक चित्राप्रमाणे कामं देत राहीन."

लॅपटॉप तिच्याकडे बरा होता. पातळ, हलका, मेमरीही पुरेशी. फक्त त्याला वेगळं ग्राफिक्स कार्ड नव्हतं आणि रेंडरची सगळी ताकद त्या कार्डातच असते. जे चित्र ऑफिसात चहा होईपर्यंत व्हायचं ते या लॅपटॉपवर दुपारभर चालायचं. पंखा घरघरायचा आणि खालचं टेबल तापायचं.

नवीन डेस्कटॉप का घेत नाहीस, असं तिला सगळ्यांनी विचारलं. घेतला असता, पण तिला एका जागी बसताच येत नव्हतं. सकाळी अण्णांच्या खाटेशेजारी ओसरीत, दुपारी आतल्या खोलीत, अधूनमधून पौडच्या दवाखान्यात बाकावर, महिन्यातून एकदा मीटिंगला महाळुंग्याला. शिवाय दिवसातून दोनदा लाईट जाणार. लॅपटॉप निदान बॅटरीवर तग धरतो. तेव्हा तिच्या एका जुन्या सहकाऱ्याने सांगितलं की अशा लॅपटॉपला बाहेरून कार्ड जोडता येतं. एक पत्र्याचा डबा असतो, त्याला स्वतःचा वीजपुरवठा असतो. त्यात डेस्कटॉपचं कार्ड बसवायचं आणि एका केबलने डबा लॅपटॉपला लावायचा. बाहेर जाताना केबल काढली की लॅपटॉप मोकळा. त्याच्याकडे तसा डबा पडून होता. परदेशी निघाला होता, म्हणून जवळजवळ फुकटच देऊन गेला.

डबा आला, पण रिकामा. आता त्यात काय घालायचं?

हे ठरवण्यात तिचा सगळा हिवाळा गेला. अण्णांचा व्यायाम घेताना एका हाताने त्यांचा दंड धरायचा आणि दुसऱ्या हाताने मोबाईलवर आवाज बंद करून व्हिडिओ बघायचे. व्हिडिओवाली मुलं सगळी गेम खेळणारी. त्यांच्या पडद्यावर बंदुका, मोटारी, धूर. सगळ्यांचं म्हणणं एकच, की हा बाहेरच्या डब्याचा प्रकार काही खरा नाही, केबलमधून माल पुरेसा वेगात जात नाही, कार्डाची चौथाई ताकद वाया जाते. हे ऐकून तिला वाटायचं, सोडून द्यावं. मग एका व्हिडिओखाली कुणीतरी लिहिलेलं दिसलं, की रेंडरचं तसं नाही. गेममध्ये केबलवर सतत ये-जा चालू असते. रेंडरला सगळं चित्र एकदा कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत भरलं की पुढचं काम कार्ड आपलं आपण करतं. तेव्हा केबल बारीक असली तरी चालते, मेमरी मोठी हवी.

मग तिने आपलं सगळ्यात मोठं काम उघडून बघितलं. डोंगरावरच्या बंगल्यांची स्कीम, भरपूर झाडांची. झाडंच मेमरी खातात, एकेका पानासकट भरावी लागतात. ते चित्र आठ जीबीत बसत नव्हतं. बाजारात तिच्या आवाक्यातलं नवंकोरं कार्ड नेमकं आठचं होतं. एक दुसऱ्या कंपनीचं होतं, स्वस्त आणि मेमरीही भरपूर, पण तिचं सॉफ्टवेअर त्या कंपनीच्या कार्डाला ओळखतच नव्हतं. बारा जीबीचं एक होतं, आधीच्या पिढीतलं, वेगाने जरा कमी. ते नवं मिळेनासं झालेलं, वापरलेलं मिळत होतं. पण वापरलेलं म्हणजे कुणी कसं वापरलंय कोण जाणे. कित्येक कार्डं वर्षानुवर्षं कॉइन म्हणजे इंटरनेटवरचे आभासी पैसे काढायला रात्रंदिवस जुंपलेली असतात आणि मग पुसून विकायला ठेवतात. शिवाय डब्याचा वीजपुरवठा त्याला पुरेल का, लांबी डब्यात मावेल का, हे वेगळंच.

विश्राम पहिल्या शिफ्टवरून आला की बूट काढता काढता विचारायचा, "ठरलं का गं?"

"न्हाई अजून."

"घे की कुटलं बी. फ्रीज घेताना येवढं बघितलं न्हाई आपन."

"फ्रीज दारातून आत जातोय का एवढंच बघायचं असतंय. ह्यात एक बघितलं की दुसरं राहातंय."

"मग दुकानदाराला इचार."

"त्यो म्हनतोय आठवालं घ्या, लई चालतंय. त्याला आठवालंच विकायचंय."

विश्राम बूट कोपऱ्यात सारून हातपाय धुवायला जायचा. त्याच्याही अंगात बोलायचं त्राण नसायचं. तिला खरं तर माहिती नको होती, ती ढीगभर झाली होती. तिला एवढंच हवं होतं की कुणीतरी यावं, कार्डावर बोट ठेवावं आणि म्हणावं, हे घे, चुकलं तर माझ्या नावावर.

तसं कुणी आलं नाही. पण भिशी लागली आणि त्याच आठवड्यात महाळुंग्याची एक जाहिरात दिसली. बारा जीबीचं, मूळ बिलासकट, चालू स्थितीत बघायला मिळेल. विकणारीचं नाव वैष्णवी. रविवारी विश्रामला सुट्टी होती. निघताना गोजराबाई दारात येऊन म्हणाल्या, "जावा, पन उनं उतरायच्या आत या. यांना कुशीवर वळवाया मला एकलीला जमत न्हाई."

महाळुंग्याच्या त्या टॉवरखाली स्कूटर लावली आणि क्षितिजा वर बघत राहिली.

"काय झालं?" विश्रामने विचारलं.

"ही माझी हाय."

"काय तुजी?"

"बिल्डिंग. मी काढलीय ही. ऑफिसात नवी व्हते तवा."

तिच्या चित्रात समोर तळं होतं, त्याच्याभोवती जांभळ्या फुलांची झाडं. इथे पार्किंग होतं आणि पाण्याचे दोन टँकर उभे होते. बाल्कन्या मात्र तशाच होत्या, तिने मोजून काढल्या तशाच. फक्त प्रत्येक बाल्कनीत कपडे वाळत होते. चित्रात कपडे वाळत घालायचे नाहीत असं सरांनी तेव्हा बजावलं होतं.

वैष्णवी तिच्याच वयाची निघाली. घरात खोकी बांधून ठेवलेली, भिंतीवर फोटोंच्या जागी नुसते खिळे. कॉम्प्युटर तेवढा जमिनीवर चालू होता. तिने कुणी न सांगताच एक चाचणी लावून दिली आणि म्हणाली, "अर्धा तास चालू द्या. गरम किती होतंय ते इथे दिसेल. पंख्याचा आवाजही ऐका. मला घाई नाही."

क्षितिजाला तिथेच निम्मा विश्वास वाटला. तिने पर्समधून शिवणकामाची टेप काढली आणि वाकून कार्डाची लांबी मोजली. डब्यात बसत होती. वीज जोडायची पिनही डब्यात होती तीच.

"गेमसाठी हवंय?" वैष्णवीने पाणी देत विचारलं.

"नाही. रेंडर करते मी. घरांचे, स्कीमचे."

वैष्णवीने पाण्याचा ग्लास तिच्या हातात दिला. मग समोर खोक्यावर बसली. "मीसुद्धा तेच करायचे. इंटिरियरच्या कंपनीत. सहा जणी होतो आम्ही. आता एक आहे."

"म्हणजे?"

"आता वाक्य लिहिलं की चित्र येतं ना. क्लायंट समोर बसून म्हणतो, सोफा हिरवा करा, लगेच हिरवा. आम्हाला त्याला दोन दिवस लागायचे." ती हसली, पण ते हसू तिथेच संपलं. "मी नांदेडला चाललेय. बहिणीची शाळा आहे, तिथे शिकवीन. तुम्हाला हे सांगायला नको होतं खरं म्हणजे, मला तर कार्ड विकायचंय. पण तुम्ही टेप घेऊन मोजायला लागलात, मग मला राहवलं नाही."

चाचणी चालू होती. पडद्यावर एक रंगीत गोळा फिरत होता, कोपऱ्यात तापमानाचा आकडा एका जागी ठरला होता. कार्ड उत्तम होतं. क्षितिजाला त्याचा आनंद झाला नाही. "जरा खाली जाऊन येते," म्हणून ती उठली.

खाली पार्किंगच्या कठड्यावर ती बसली. विश्राम समोर उभा राहिला. वर झालेलं बोलणं त्याने ऐकलं होतं.

"ती म्हनली ते खरं हाय का? बंद पडनार तुजं काम?"

"आज न्हाई. पन कमी व्हतंय हे मला बी दिसतंय. सरांची कामं पयल्यासारखी न्हाई येत."

"मग घ्यायचं का न्हाई?"

"मला काय ठाव? सगळा हिवाळा मी आठ का बारा, आठ का बारा करत बसले. हे कुनी इचारलंच न्हाई."

विश्राम तिच्याशेजारी बसला. त्याचे कंपनीचे बूट टँकरमधून सांडलेल्या पाण्यात होते, पण त्याने पाय काढले नाहीत.

"आमच्याकडं दोन मशीनवर आता मानूसच न्हाई," तो म्हणाला. "हात हाय लोखंडाचा, त्योच माल काढतोय, त्योच रचतोय. आमी बाजूच्या मशीनवर उभं राहून बघतो. तरी रोज जातोयच की. न्हाई जाऊन काय करनार?"

हे काही धीर देणं नव्हतं, पण त्याला एवढंच येत होतं आणि ते खरं होतं. क्षितिजा पदर झटकून उठली. "दुसरं काय येतंय मला तरी," म्हणाली आणि लिफ्टकडे गेली. वैष्णवीने कार्ड काढून जुन्या टॉवेलात गुंडाळून दिलं. भाव करायचं दोघींनाही सुचलं नाही. दारात वैष्णवी म्हणाली, "पंखा वर्षातून एकदा ब्रशने साफ करा." क्षितिजाने मान हलवली.

घरी येऊन कार्ड डब्यात बसवलं. लांबी बरोबर मापात बसली. पण जाडी मोजायची राहून गेली होती. दोन पंख्यांचं ते धूड बोटभर वर आलं आणि डब्याचं झाकण काही केल्या लागेना. सगळा हिवाळा अभ्यास करून हेच नेमकं सुटलं. ती जमिनीवर बसली होती, तशीच भिंतीला टेकली. रडू आलं असतं तर बरं झालं असतं, तेही येईना.

गोजराबाई गुडघ्यावर हात ठेवत जवळ आल्या आणि वाकून बघितलं. "झाकन कशापायी पायजे?"

"धूळ जाती. आन् पाल गेली तर सगळंच जळंल."

"मग जाळी घाल की."

त्या आत गेल्या आणि दुधावर घालायची जाळी घेऊन आल्या. ती डब्यावर अशी चपखल बसली की क्षितिजाला हसू फुटलं. हवाही खेळती राहिली. दुसऱ्या दिवसापासून दुधावर ताट आलं.

लॅपटॉपने पहिल्यांदा कार्ड ओळखलं नाही. बंद करून, केबल काढून, परत लावून, पुन्हा चालू केलं तेव्हा ओळखलं. संध्याकाळी शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडायचं आणि डबा आपोआप बंद व्हायचा. विश्रामने कुठूनतरी एक स्टॅबिलायझर आणला, तरी ती संध्याकाळचा रेंडर टाळायलाच शिकली. एवढं सोडलं तर कार्डाने दगा दिला नाही. बंगल्यांची ती स्कीम, झाडापानांसकट, बारा जीबीत बसली. दुपारभर लागायचं ते काम भाजीला फोडणी देऊन येईपर्यंत तयार.

पण एक गोष्ट तिच्या ध्यानात आली नव्हती. पूर्वी रेंडर लावला की दुपार तिची असायची. मशीन काम करतंय म्हटल्यावर कुणी काही म्हणत नसे. ती अण्णांजवळ बसायची, गोजराबाईंचे पाय चोळायची, कधी नुसतीच भिंतीला टेकून डोळे मिटायची. आता चित्र लगेच व्हायचं, लगेच पाठवायचं, आणि सरांचा लगेच निरोप. आकाश जरा निळं करा. संध्याकाळचा एक द्या. गवत कापलेलं दाखवा. कार्ड थकत नव्हतं, म्हणून तिलाही थकायची सोय उरली नाही.

हे चार-पाच महिने चाललं. मग निरोप विरळ झाले आणि एके दिवशी सरांचा फोन आला. "क्षितिजा, यापुढे तू फक्त साधा सांगाडा पाठव. ऊन, झाडं, माणसं आम्ही इथेच वाक्य लिहून सॉफ्टवेअरकडून घालून घेतो." सांगाड्याला कार्ड लागत नाही. तो तिच्या लॅपटॉपवर तसाही होत होता. तिने बरं म्हटलं आणि फोन ठेवला. डब्यावरची जाळी काढून आत बघितलं, थोडी धूळ होती, ती ब्रशने झाडली आणि जाळी परत ठेवली. विश्रामला तिने दोन दिवसांनी सांगितलं. तो म्हणाला, "व्हय का," आणि जेवताना एक भाकरी कमी खाल्ली.

पिरंगुटला नथू शेलार म्हणून एकजण स्वयंपाकघरातली कपाटं, ओटे बनवतो. क्षितिजाच्या माहेरच्या ओळखीतला. त्याला कुणीतरी हिचं नाव सांगितलं. तो स्वतःच माल्याला आला, मोबाईलमध्ये एक चित्र घेऊन. "ताई, हे बगा. गिऱ्हाईकानं सॉफ्टवेअरमधून काढून आनलंय आन् म्हनतंय असंच करून द्या. कसं करू? ड्रॉवरला दांडी हाय पन ड्रॉवर न्हाई. सिंक खिडकीच्या भायेर निम्मं गेलंय."

क्षितिजाने मोबाईल हातात घेतला. चित्र सुंदर होतं. ऊन तर तिने काढलं असतं त्याहून छान होतं. "मापं हायेत का घराची?" तिने विचारलं.

"मापं माज्याकडं हायेत. मला जे बनवता येतंय तेच दिसायला पायजे. एक इंच इकडं न्हाई, तिकडं न्हाई. मंग गिऱ्हाईकाला दावून सही घेतो."

ते काम तिने केलं. मग त्याने दुसरं आणलं. नथूचं बघून भूगावचा एक फर्निचरवाला आला. कामं छोटी, ऑफिसच्या मानाने पैसे कमी, पण ओटा खरोखर बांधायचा असल्यामुळे मापाला महत्त्व होतं. स्टीलच्या भांड्यांवरची चमक आणि काचेच्या कपाटांतलं प्रतिबिंब यांना कार्ड पुन्हा लागायला लागलं. किती दिवस लागेल, याचा विचार करणं तिने सोडून दिलं आहे. वैष्णवीसारखं जाऊन शिकवायला तिच्या बहिणीची कुठे शाळा नाही.

परवाच्या दुपारी नथूचा फोन आला तेव्हा त्याचं चित्र पडद्यावर तयार होऊन पडलं होतं. "ताई, आज मिळंल का?" त्याने विचारलं.

क्षितिजाने पडद्याकडे बघितलं. "उद्या सकाळी देते, दादा. रेंडर चालू हाय," ती म्हणाली.

लॅपटॉप तसाच उघडा ठेवून तिने अण्णांच्या खाटेखालची चटई ओढली आणि डोळ्यांवर हात घेऊन आडवी झाली. शेजारची साळूबाई ताक मागायला आली, तशा गोजराबाई दारातच उठून उभ्या राहिल्या. डब्याचा पंखा केव्हाच थांबला होता, गोजराबाईंनाही ते कळलं होतं.

"हळू बोल," त्या साळूबाईला म्हणाल्या. "आत मशीन चालू हाय."